हसण्याची रेघ

माझ्या मामाशी पहिल्यांदा बोलणारा माणूस जरा अवघडतो, कारण मामा डोळ्यांत बघून बोलत नाही, तोंडात बघून बोलतो. माझ्या लग्नाआधी तो माझ्या नवऱ्याला भेटला तेव्हा त्याने हात पुढे केला, "या, बसा" म्हणाला, पाच मिनिटं त्याचं बोलणं मन लावून पाहिलं (ऐकलं असं मी म्हणणार नाही) आणि मग मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "माणूस चांगला आहे. झोपेत दात खातो, पण तेवढं चालायचं." पुढे कळलं की दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मामा कवळ्या बनवतो. तो डॉक्टर नाही. डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेतात आणि मामाकडे पाठवतात. मामा त्या ठशांत प्लास्टर ओततो, निघालेल्या पांढऱ्या जबड्यावर मेणाची कमान चढवतो, तिच्यात एकेक दात रोवतो, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरड्या करून, घासून-पुसून, डबीत भरून परत पाठवतो. डबीवर नाव नसतं, नंबर असतो. चाळीस वर्षांत काही हजार माणसं त्याने दिलेल्या दातांनी जेवली असतील, पण घरचं माणूस सोडलं तर त्यांतल्या एकानेही त्याला पाहिलेलं नाही. त्याची खोली एका वह्या-पेनांच्या दुकानावर आहे. उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीपाशी टेबल, टेबलावर निळ्या ज्योतीचा छोटा दिवा आणि उरलेल्या तिन्ही भिंतींना फळ्या. फळ्यांवर जबडे. लहानपणी मला तिथे जायची भीती वाटायची. मामा म्हणायचा, "घाबरतेस काय, सगळे गप्प तर बसलेत."

दातांचं काम हातात नसलं की मामा कुठे असतो ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. पुढ्यातला चहा निवतो. पाव आणायला गेलेला तासाभराने हात हलवत परत येतो आणि चौकातल्या झाडावर किती पाखरं बसली होती ते सांगतो. लहान असताना तो वितळलेल्या मेणबत्त्यांचे हत्ती-घोडे करत बसायचा, म्हणून माझ्या आईने त्याचं नाव मेण्या ठेवलं. आई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. तो चौसष्ट वर्षांचा झाला, डोकं पांढरं झालं, तरी तिच्या तोंडी तो मेण्याच. लग्न त्याने केलं नाही. कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायचा, जसं एखादं पत्र पेटीत टाकायचं राहून जावं. आईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्याचं घर, पण संध्याकाळचं जेवण रोज आईकडे.

आता त्याच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मेणाची कमान तयार झाली की ती माणसाच्या तोंडात बसवतात आणि तिच्यावर रेघा ओढतात. एक चेहऱ्याच्या मधोमध. दोन सुळ्यांच्या जागी. आणि शेवटची हसण्याची रेघ. माणूस मनापासून हसला की वरचा ओठ जिथवर चढतो तिथे ती ओढायची. दात किती लांब घ्यायचे, हिरडी किती दिसू द्यायची, सगळं तिच्यावरून ठरतं. "बाकीच्या रेघा चेहरा देतो," मामा सांगायचा. "ही एक माणसाने द्यावी लागते." डॉक्टर लोक त्यासाठी खुर्चीतल्या माणसाला एखादा ठेवणीतला विनोद सांगतात. बहुतेकांचं काम भागतं.

माझ्या आईचं भागलं नाही. तेरा वर्षांपूर्वी हिरड्यांच्या दुखण्याने वर्षभरात तिचे सगळे दात गेले. मी तेव्हा लग्न होऊन समुद्रापलीकडे राहायला गेले होते. मामाने हट्टाने तिच्या तोंडाचं सगळं काम स्वतः केलं, रेघांसकट. त्याने विनोद सांगितले, जुन्या शेजाऱ्यांच्या नकला केल्या, एकदा तर टेबलावर चढून कोंबडा झाला. आई खुर्चीत परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. हसायचं म्हटलं की तिला हसू येईना. शेवटी मामाने ती रेघ अंदाजाने ओढली. तेरा वर्षांत त्याने तिला तीन कवळ्या करून दिल्या आणि तिन्ही अंदाजाच्या.

त्या बसायच्या छान. खाता यायचं, बोलता यायचं. आमच्या आजोळी सगळ्यांचा वरचा डावीकडचा पुढचा दात शेजारच्यावर जरासा चढलेला असतो. आजीचा होता, मामाचा आहे, माझा आहे. आईचाही होता. कवळीत मात्र मामाने तिला नव्या फणीसारखी सरळ रांग दिली होती. सगळे म्हणायचे, दात काय झकास झालेत. आणि आई कुणी काही गमतीचं बोललं की तळहात तोंडापुढे धरायची आणि त्याच्या आड हसायची. मी वर्षा-दोन वर्षांनी यायचे, पाहायचे आणि मनात म्हणायचे, वय झालं. माझं लक्ष नव्हतं, हे आज कबूल करते.

या खेपेला मी तिला कायमची न्यायला आले होते. अकरा दिवस हातात, कामांची यादी हातभर. मामाने चौथ्या कवळीचा विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "आहेत त्या काय वाईट आहेत? आता जाता जाता कशाला डोक्याला ताप."

त्या संध्याकाळी मामा मला जिन्यात म्हणाला, "पोरी, तिला एकदा माझ्यासमोर हसव. हाताशिवाय. मला ती रेघ मिळू दे. मग ती गेली तरी चालेल." दोन पायऱ्या उतरून तो थांबला. "चालणार नाही. पण चालवून घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं आईच्या प्रवासाच्या कागदांसाठी फोटो काढायला गेलो. फोटोवाल्याने स्टूल पुढे सरकवलं आणि आईला बजावलं, "तोंड मिटून. हसायचं नाही. हसलात तर ते लोक फोटो परत पाठवतात." आईने तोंड मिटलं. फोटोवाला खूश झाला. म्हणाला, एका झटक्यात फोटो देणारं गिऱ्हाईक त्याला महिन्यात एखादंच भेटतं. मामाला ते फार लागलं.

बसमध्ये आम्हाला मागची लांब सीट मिळाली. बँकेपाशी उतरायचं होतं. थांबा आला की सांग, असं मी मामाला सांगितलं, आणि त्यातच घोळ झाला. ज्या माणसाला पावाचं दुकान सापडत नाही त्याच्यावर मी थांबा सोपवला आणि यादी चाळत बसले. उन्हाची तिरीप काचेतून मांडीवर पडली होती, गाडी एका लयीत हलत होती, आईने डोळे मिटले होते. मीही कधी पेंगले कळलं नाही. जाग आली ती इंजिन बंद झाल्यामुळे. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "शेवटचा थांबा. उतरा."

समोर करमणुकीच्या पार्कचं फाटक होतं. शाळांना सुट्ट्या लागलेल्या, त्यामुळे सगळं गाव तिथे लोटलेलं. फुगे, छत्र्या, खांद्यावरची पोरं. आणि झाडांच्या शेंड्यांच्याही वर लोखंडी रुळांची वेटोळी, त्यांवरून एक गाडी उलटी होऊन गेली आणि तिच्यातून खूप लांबचा, पातळ झालेला आवाज आला.

"ती माणसं रडतायत की हसतायत?" आईने विचारलं.

"बघून येऊ," मामा म्हणाला.

"मामा, बँक."

"बँक उद्याही तिथेच असेल. आलोच आहोत तर."

मला वाटलं आई नाही म्हणेल. ती मान वर करून रुळांकडे बघत उभी होती, उन्हापुढे हात धरून. मी यादी घडी करून पर्समध्ये टाकली. रागच आला होता, पण दोघांविरुद्ध एक कोण भांडणार.

आत गेलो आणि गर्दीने आम्हाला उचललंच. आपण चालायचं नाहीच, फक्त पाय हलवायचे, गर्दी नेईल तिकडे जायचं. कुठूनतरी एकच धून पुन्हा पुन्हा वाजत होती, संपली की जिथून सुरू झाली तिथेच येत होती. घड्याळ कुठेच नव्हतं. साखरेचा भाजका वास, पाण्याचे तुषार, कुणाचातरी सुटलेला निळा फुगा आमच्या डोक्यावरून बराच वेळ आमच्याबरोबरच चालला होता. मामा आम्हा दोघींच्या मध्ये, आमचे हात धरून चालत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं, हा तर रोजच इथे असतो, आज फक्त आम्हाला घेऊन आलाय.

पहिली बसलो ती लहान मुलांची, अळीच्या आकाराची गाडी. हिरवी, ठेंगणी, दोन चढ आणि एक वळण. उतरल्यावर बाहेरच्या खोलीत पडद्यावर फोटो लावलेले होते, गाडी खाली येताना आपोआप निघालेले. मुलांची तोंडं आ वासलेली, मामाचं वासलेलं, माझंही. आई मात्र तोंड मिटून सरळ समोर बघत बसलेली, अगदी फोटोवाल्याने सांगितल्यासारखी. दुसरी लाकडी रुळांची होती. तिच्यासाठी पाऊण तास रांगेत होतो. तिचा चढ लांबलचक होता आणि उतार तितकाच खडा. या वेळी फोटोत आईचा एक हात दांड्यावर होता आणि दुसरा तोंडावर. मामा त्या पडद्यापुढे इतका वेळ उभा राहिला की मागच्यांनी त्याला बाजूला सारलं.

मग आम्ही आईस्क्रीम घेऊन मोठ्या गाडीच्या खालच्या बाकावर बसलो. ही ती, झाडांवरून दिसलेली. तिचा शेवटचा उतार बरोबर आमच्यासमोर यायचा. दर तीन-चार मिनिटांनी वरून वीस-पंचवीस तोंडं उघडी होऊन खाली यायची, क्षणभर समोर थांबल्यासारखी वाटायची आणि निघून जायची. मामाच्या हातातलं आईस्क्रीम मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, त्याला पत्ता नव्हता.

"दुसऱ्या ओळीतली बाई," तो हळूच म्हणाला. "वरच्या जोडलेल्या दातांचा पूल माझा आहे."

"इतक्यात कसा दिसला?"

"आपलं काम दिसतंच." जरा वेळाने तो म्हणाला, "तिचा जबडा माझ्या फळीवर सात वर्षं आहे. हसते कशी ते आज कळलं." आणि मग, कुणाला उद्देशून नाही असं, "मला सगळे प्लास्टरमध्येच भेटले गं."

आई त्याचा कोपर रुमालाने पुसत होती. मामा उठला, गाडीच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या मुलीकडे गेला, काहीतरी विचारून परत आला.

"त्यात दोन्ही हातांनी दांडा धरावाच लागतो," तो म्हणाला. "नियम आहे. चला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वेंधळा, स्वप्नाळू, सगळं खरं, पण आपल्या कामापुरता मामा पक्का आहे. आईला काही उमगलं नाही. किंवा उमगलं असेल, तिने दाखवलं नाही.

रांग तासाभराची होती. कठड्यांमधून वळत वळत, कधी सावलीत, कधी उन्हात. पुढे गेलेली माणसं पलीकडच्या वळणावर पुन्हा समोर यायची, ओळखीचं हसायची. आई आणि मामा कठड्याला टेकून आजीबद्दल बोलत होते, आजी कपडे वाळत घालताना चिमटे दातांत धरायची आणि तसंच रागवायची, ते. मी अर्धं ऐकत होते. मला वाटत होतं ही रांग अशीच वळत राहावी, वरपर्यंत पोचूच नये, हातातले अकरा दिवस एकेक करून इथेच कठड्यापाशी उभे राहावेत.

पोचलो शेवटी. जिन्याच्या वरच्या पायरीवर ती मुलगी भोंगा घेऊन उभी होती. "चष्मे, टोप्या, फोन, पर्स या खणांत ठेवा. हृदयाचा त्रास आहे का कुणाला?"

"हृदय आहे," मामा म्हणाला. "त्रास नाही."

ती हसली आणि पुढचं पाठ केलेलं म्हणाली, भोंग्यातून, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं, "आणि दात काढता-घालता येणारे असतील तर तेही काढून ठेवा. गाडी उलटी होते, पडले तर सापडत नाहीत."

आई थबकली. तिचा हात आपसूक तोंडाशी गेला. "मी खाली थांबते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं जाऊन या."

"आई, तासभर उभे राहिलोय. कोण बघतंय तुझ्याकडे?"

हे मी बोलायला नको होतं. तिचे डोळे भरून आले. "तुला नाही कळायचं," ती म्हणाली आणि वळून गर्दीतून वाट काढायला लागली. मागून लोक ढकलत होते, वाट मिळत नव्हती, ती तिथेच अडकून उभी राहिली. मला तिची कीव आली आणि स्वतःचा राग आला, दोन्ही एकदम.

मामाने भिंतीकडे तोंड केलं. खिशातून रुमाल काढला. त्याची पाठ जराशी हलली. मग वळून त्याने रुमाल आईपुढे धरला.

"घे, ताई. माझे धर."

शब्द सैल झाले होते. गाल आत गेलेले. आईने दोन्ही हातांची ओंजळ करून रुमाल घेतला आणि आत पाहिलं. वरची आणि खालची, अख्खी कवळी.

"मेण्या. तुझे?"

"सहा वर्षं झाली."

"सहा वर्षं रोज माझ्या घरी जेवतोस. मला बोलला नाहीस."

"कसं बोलणार? तुझे मला जमले नाहीत. आणि माझे असे जमले की कुणाला ओळखू आले नाहीत. सांगायला तोंड होतं का मला?"

आई ओंजळीत बघतच होती. मीही वाकून पाहिलं. दातांवर चहाचा पिवळसर डाग होता, मुद्दाम केलेला. एका दाताचा कोपरा किंचित झिजलेला होता, तोही मुद्दाम. आणि वरचा डावीकडचा पुढचा दात शेजारच्यावर जरासा चढलेला होता.

"हा वाकडा का केलास?"

"होताच ना वाकडा."

"माझाही होता."

मामाने एकदा रुमालाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुला चांगले द्यावेत म्हटलं. माझं काय, कसेही चालतात."

"माझे मला चांगलेच होते रे," आई म्हणाली.

ते इतक्या हळू म्हणाली की मला वाटतं आम्हा दोघांनाच ऐकू गेलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो काका, सरका पुढे." मामाने गडबडीने वळून त्याला काहीतरी सुनावलं, पण दातांशिवाय ते शब्द कुठल्या कुठे गेले, हनुवटी जाऊन नाकाला भिडली, आणि आई म्हणाली, "अगं बाई, हा तर अगदी बाबांसारखा दिसतोय."

आणि हसली. दोन्ही हात मामाच्या दातांनी भरलेले, तोंडापुढे न्यायला एकही मोकळा नव्हता. एकदा तिने खांद्याआड तोंड लपवायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, मग सोडूनच दिलं. ती हसत राहिली, डोळ्यांतलं पाणी अजून गालावर होतं. माझ्या लहानपणी शेजारच्या घरात ऐकू जायचं ते हे हसणं. मी ते विसरले होते. आपल्याच आईचं हसणं मी विसरले होते.

आणि मग मला दिसलं तेच मामालाही दिसलं. हसताना तिचा ओठ खूप वर जात होता, मामाच्या अंदाजाच्या रेघेच्या पुष्कळ वर. आखूड दात आणि त्यांच्यावर गुलाबी प्लास्टिकची रुंद पट्टी, सगळी उघडी.

"हे एवढं दिसतं?" मामाने विचारलं.

"म्हणून तर हात धरते."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तू डोळे फोडून केलेल्या असायच्या. काय सांगू?"

मामाने शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली. ती त्याच्या खिशात सदैव असते, जांभळी, ओली केली की शाईसारखी उमटणारी. त्याने ती जिभेला लावली. "हलू नकोस," तो म्हणाला. "हसत राहा." तेरा वर्षं हेच दोन शब्द ऐकून आईला हसू येत नव्हतं. आज ते थांबत नव्हतं. मामाने डाव्या हाताने तिची हनुवटी धरली. जिना गर्दीने हिंदकळत होता, भोंगा वाजत होता, कुणी कुणाला हाका मारत होतं, पण त्याचा हात तसूभरही हलला नाही. ओठाच्या कडेला लागून गुलाबी पट्टीवर त्याने एक बारीक जांभळी रेघ ओढली.

भोंगावाली मुलगी तोंड उघडं टाकून बघत होती. मामाने सवयीने तिचेही दात पाहून घेतले. "चांगले आहेत," तो म्हणाला. "सांभाळ."

आईने तिथेच, सगळ्यांदेखत, भिंतीकडे न वळता आपली कवळी काढली आणि माझ्या हातात दिली. दोन रुमालांत दोन कवळ्या माझ्या पर्समध्ये गेल्या, बँकेच्या यादीशेजारी, आणि पर्स खणात.

ती दोघं पुढच्या सीटवर बसली, मी त्यांच्या मागे. छातीवर दांडे आले. साखळी कटकट करत आम्हाला वर ओढायला लागली. जसजसे वर गेलो तसतसा खालचा गलका विरत गेला, धून विरली, मुलांच्या हाका विरल्या, शेवटी फक्त ती कटकट उरली आणि मग तीही थांबली. आम्ही माथ्यावर होतो. खाली गाव पांढरं दिसत होतं, फळीवर मांडून ठेवल्यासारखं, कुठे आईचं घर, कुठे वह्यांचं दुकान, काही कळत नव्हतं. पलीकडे चमकणारी एक रेघ म्हणजे समुद्र असावा. वारा नव्हता. पुढच्या सीटवर दोन पांढरी डोकी एकमेकांकडे कललेली. किती वेळ थांबलो ते मला सांगता येणार नाही. क्षणभरच असेल. मला मात्र ते अजून चालू आहे असं वाटतं.

मग खाली गेलो. मी डोळे गच्च मिटले, त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलं. गाडी उलटी झाली, सुलटी झाली, आणि माझ्या किंकाळीच्या वर आईचं हसणं होतं.

फोटोत ते सगळं आलंय. मामा आणि आई, दोघांची तोंडं उघडी, आत एक दात नाही, दोन तान्ही बाळंच जणू. मागे मी, डोळे मिटलेली, चढलेला दात स्पष्ट. आम्ही तो घेतला आणि परत रांगेत गेलो. संध्याकाळपर्यंत आणखी दोनदा बसलो. येताना बसमध्ये मामा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला, आणि या वेळी थांब्यावर लक्ष मी ठेवलं.

पुढचे आठ दिवस मामा जेवायला आला नाही. आई डबा घेऊन त्याच्या खोलीवर जायची. निघायच्या सकाळी मी डबी आणायला गेले. नवी कवळी उजेडात धरली तर दात जरा लांब, जरा पिवळसर, आणि वरचा डावीकडचा पुढचा शेजारच्यावर चढलेला. डबीवर नंबर नव्हता. "ताई" एवढंच लिहिलेलं. खिडकीशेजारच्या फळीवर आईचा जबडा होता, आणि त्यावर जुनी कवळी चढवून ठेवलेली. जांभळी रेघ तशीच होती.

"ही आता कशाला ठेवलीस?" मी विचारलं. "टाकून दे ना."

मामा दिव्याची ज्योत कमी करत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू तिला घेऊन चाललीस. एवढी रेघ राहू दे माझ्याकडे."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खाली आले.

आता दर रविवारी सकाळी मामाचा व्हिडिओ फोन येतो. तब्येत, हवा, हे नंतर. आधी तो म्हणतो, "हस बघू, ताई." आई हसते, मोकळी, हात मांडीवर. मामा पडद्याच्या इतका जवळ येतो की आम्हाला फक्त त्याचं कपाळ दिसतं. बराच वेळ बघून तो म्हणतो, "बरोबर आहे," आणि मग बोलणं सुरू होतं. गेल्या रविवारी आई त्याला म्हणाली, "दर वेळी मीच का? आज तू हस." कपाळ मागे गेलं. चेहरा दिसला. मामाने तळहात तोंडापुढे धरला होता, आणि त्याच्यावरचे डोळे हसत नव्हते.

"हात काढ, मेण्या," आई म्हणाली, आणि तो काढेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.